फोनवर ऐकलेली हाक

प्रिय ताई,
तुला नमस्कार, छोटीला पापे.

मी ठणठणीत आहे. छोटीचा खोकला गेला का? अजून तुझ्याच कुशीत झोपते?

इथं गावभर बोटं टोचून रक्त तपासलं. मलेरिया होऊन गेला की रक्तात प्रतिपिंडं राहतात. ती म्हाताऱ्यांत सापडली, लहान पोरांत एकाच्याही रक्तात नाहीत. म्हणजे अलीकडे इथं मलेरिया पसरलेलाच नाही! डॉक्टरबाई खूश होऊन म्हणाल्या, "आणखी वर्षभर थांब, शेजारची गावंही तपासू."

मी हो म्हणणार होते. पण काल फोनवर छोटीनं तुला "आई" अशी हाक मारली, आणि तू "ओ" दिलीस. माझा नुसता जळफळाट झाला. तू तिचं सगळं मायेनं करतेस, तरी झाला.

डॉक्टरबाईंना नाही म्हणून सांगितलंय. रविवारी पोचते. त्या रात्री तिला मीच झोपवणार. रडली तरी तू मध्ये येऊ नकोस.

तुझीच,
धाकटी