कडी नसलेलं घुंगरू

३ फेब्रुवारी २००३, सोमवार

१. सकाळी हुपरीच्या तात्यांना त्यांच्या चांदीच्या पैंजणांची वेबसाइट आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात दाखवली.
२. मेनूत शब्द नाहीत. मी काढलेली सहा चांदीची घुंगरं. माउस वर नेला की घुंगरू हलतं आणि खाली बारीक करड्या अक्षरांत ‘नमुने’, ‘मागणी’ वगैरे उमटतं.
३. तात्या : “झकास की पोरी! नुसतं लखलखतंय.” ऑफिसचे मालक, सरही खूश.
४. तात्यांनी कौतुकाने निपाणीच्या एका जुन्या व्यापाऱ्याला साइटचा चाचणीपुरता पत्ता दिला.
५. चारला तात्यांचा फोन. “पावणं विचारत्यात, ते हलतंय ते घुंगरू किती ग्रॅमचं? त्येच पायजे म्हणत्यात.”
६. ते घुंगरू बाजारात कुठेच नाही. ते बटण आहे. नमुन्यांचं पान त्यांना सापडलंच नाही.

चूक माझी.

५ फेब्रु., बुधवार

सरांना सांगितलं. हसले. “म्हणजे डिझाइन हिट आहे!”

साइट १७ला सगळ्यांसाठी सुरू होणार. लग्नसराईच्या पैंजणांच्या डब्यांवर तिचा पत्ता छापून झालाय. साइटच्या भरवशावर तात्यांनी यंदा नमुने घेऊन गावोगाव फिरणारा माणूसही बंद केलाय. नवा व्यापारी एकदा येऊन बघणार. नमुने दिसले नाहीत तर परत कशाला येईल?

८ फेब्रु., शनिवार

एस.टी.ने हुपरी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत तिघांना बसवलं. काम एकच : एक नमुना शोधून मागणी नोंदवा. मी मागे उभी, न बोलता.

तात्यांचा पुतण्या, कॉलेजात. लगेच जमलं. घुंगरं हलवत बसला.

दिवाणजी, तात्यांचा हिशेब बघणारे. पान उघडेपर्यंत बाहेर जाऊन चहा पिऊन आले. मग चष्मा वर, चष्मा खाली. करडी अक्षरं दिसलीच नाहीत.

आक्का, तात्यांची थोरली बहीण. सगळं आयुष्य पैंजण जोडण्यात. वाचणं बेताचं. “मला कशाला बसवतीस गं? मला न्हाय येत ह्यातलं.” मग पडद्यावरच्या घुंगराला बोट लावून, “हे कुणी केलंय?”
“मी.”
“ह्याला कडी कुठं हाय? ओवायचं कशात, तुझ्या डोस्क्यात?”
सगळे हसले. मीही, थोडी.

शेवटी नमुन्यांचं पान मीच उघडून दिलं. तिथे फोटो बघून आक्का एकेक पैंजण कुणाच्या घरी जोडलेला ते सांगत गेल्या. एकही चुकल्या नाहीत.

म्हणजे चित्रं वाईट नाहीत. खोटी चित्रं वाईट. आणि बारीक करडी अक्षरं.

११ फेब्रु., मंगळवार

नवी साइट तयार. पहिल्याच पानावर खरे पैंजण, पांढऱ्या कापडावर, शेजारी मोजपट्टी. खाली ठळक काळी अक्षरं. हलणारं काही नाही. ऑफिसच्या मॉडेमवर चटकन उघडते.

सर : “वेबसाइट म्हणजे शोरूम, वैशाली. तलाठ्याचं दप्तर नव्हे.”
तात्या आलेले. “घुंगरं काढलीस व्हय? जरा ओकंबोकं वाटतंय बघ.”

तात्यांचं लागलं. सरांचं नाही.

सर, तात्या गेल्यावर : “नेटवर जुनीच जाईल. तुला नको तर दुसरं कोणीतरी चढवेल.”

१३ फेब्रु., गुरुवार

सरांच्या टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीची नक्कल :

सर,
दोन्ही साइट ऑफिसच्या मशीनवर आहेत. जुन्या साइटमधल्या घुंगरांना आक्कांनी सांगितलेली कडी घातली आहे. त्यात कसूर ठेवलेली नाही. आक्का उद्या तात्यांबरोबर कोल्हापुरात येत आहेत, निपाणीचे व्यापारीही. दोघांना दोन्हींपुढे बसवा आणि मागणी नोंदवायला सांगा. मी खोलीत थांबणार नाही. त्यांना जुनी जमली तर सोमवारी मीच ती चढवीन. न बसवताच चढवायची असेल तर ते माझ्या हातून होणार नाही, आणि का नाही हे तात्यांना मी स्वतः सांगेन.
शनिवार, १५ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावे.
वैशाली