तोकबोक्की करताना आलेला आवाज

रेणुका,

कुलूप उघडू नको. आधी हे वाच.

परवा आपलं भांडण झालं अन् तू रोहिणखेडले घरी निघून गेली. आज परत येणार म्हणून तुले आवडते ती कोरियन तोकबोक्की करायले घेतली. तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळून बोटाएवढ्या कांड्या वळल्या. तिकडची चटणी आपल्या चिखलीत कुठं भेटते? लाल मिरची, लसूण अन् गूळच वाटला. कांड्या रश्श्यात सोडल्या, तेवढ्यात आतल्या खोलीतून तुहा आवाज आला, "राखी, तिखट होऊ दे वं!"

मले वाटलं, मी गूळ आणायले दुकानात गेली तवा तू आली असशील. रस्सा ढवळत मी बोलत राह्यली. मग भीतभीत विचारलं, "अजून राग आहे काय?"

"नाही वं. मी तुले कवाच माफ केलं."

मले गॅसपाशीच रडू आलं. अन् फोन वाजला. तूच होती.

"मी अजून रोहिणखेडलेच आहे, एसटी आली नाही. अन् माहा राग काही गेला नाही, समजलं?"

आतल्या खोलीत कोणीतरी हसलं. अगदी तू हसते तसंच.

गॅस बंद करून, बाहेरून कुलूप लावून मी खाली घरमालकीण आशाबाईंकडं आली. तुहा फोन आता लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी कुलपाले अडकवते. तू रागात असली तरी चालते, सरळ तिथं ये.

आतून मी हाक मारली तरी दार उघडू नको. मी आत नाही.

राखी