खड्ड्यातल्या संघाचा इतिहास

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा एक गुडघा टेकून नमस्कार. (दोन्ही टेकले असते, पण दुसरा टेकला की उठवायला माणूस लागतं आणि आत्ता खोलीत मी एकटीच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची पाठ? शाळेतल्या मुली अजून तुझी शिट्टी ऐकली की भिंतीला चिकटून उभ्या राहतात का? इकडे सगळं क्षेम आहे, निदान या परिच्छेदापुरतं तरी आहे. तू काळजी करू नकोस, जिने चढू नकोस, आणि कुणी काहीही सांगितलं तरी जड उचलू नकोस.

पत्राचं कारण म्हणजे इतिहास. आपल्या मालकांनी ठरवलंय की संघाचा इतिहास लिहून त्याची पुस्तिका रविवारच्या सामन्याला वाटायची. एखाद्या गोष्टीचा इतिहास मालकांना सुचला की ती गोष्ट शेवटच्या घटका मोजते आहे असं समजावं. (शिवणयंत्रं विकायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी त्यांचाही इतिहास लिहवून घेतला होता, आठवतं?) काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कोचच्या तोंडाला काम असतं, हातांना नसतं असं त्यांचं मत आहे. तेव्हा मी जे आठवलं ते लिहीत जाते, तू चुका दाखव. बाकी काही मागणं नाही.

सुरुवात उशीवाल्यापासून. त्याने बायकांचा व्हॉलीबॉल संघ काढला, व्यावसायिक लीगमध्ये घातला आणि प्रत्येक उशीच्या पिशवीवर मुलींचा फोटो छापला. आपले मालक गाद्यांचे. (उशी आणि गादीत वैर का असावं हे मला आजतागायत कळलेलं नाही. झोपणाऱ्याला दोन्ही लागतात.) मालक दुसऱ्याच दिवशी शिलाई खात्यात आले आणि विचारते झाले, "बॉल कुणाकुणाला मारता येतो गं?" सगळ्यांची बोटं तुझ्याकडे, कारण जेवणाच्या सुट्टीत चिंध्यांचा बॉल करून आम्हाला गोदामात पळवणारी तूच. संध्याकाळपर्यंत संघ झाला. पगार कारखान्याचाच, वर वर्षाला एक गादी. (माझ्या घरात आता बसायला जागा नाही, पडायला हवी तेवढी.) जर्सी गादीच्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची. पहिल्या सामन्यात तू सर्व्हिस करायला हात वर केलास आणि बगलेतून कापूस बाहेर आला. तेव्हापासून लोक आपल्याला गाद्या म्हणायला लागले. मालकांना राग आला, तुला आला नाही. "म्हणू देत, गादीवर पडणाऱ्यालाच झोप लागते," असं तू म्हणालीस आणि त्या दिवशी समोरच्यांना झोपवलंसही.

आता गोदामाबद्दल. पुस्तिकेत मी 'ऐतिहासिक क्रीडागार' असं लिहिलंय, पण तुला काय सांगायचं. वर शिलाई खातं, खाली आपण, आणि मध्ये त्या लोखंडी तुळया, इतक्या खाली की शिडीसारख्या उंच मुलीने (ही तुझ्यानंतर आली, नेटपाशी समोरचीचा बॉल अडवायला उभी राहते, सगळे तिला शिडीच म्हणतात, खरं नाव तिच्या आईलाच आठवत असेल) उडी मारली असती तर टेंगूळच यायचं. बॉल तुळईला लागला की पॉइंट गेला, असं तेव्हाच्या पंचांनी ठरवून टाकलं. मग आम्हाला मारायला बॉल देणारी सेटर असून तू तो वर चढवणंच सोडून दिलंस. नेटच्या काठाला घासून आडवा, सपाट, ढकलल्यासारखा बॉल द्यायचीस, आणि मी तो मारायच्या आधी समोरच्या बायका अजून वरच बघत असायच्या. पाहुणे संघ यायचे, सवयीने बॉल उंच द्यायचे आणि तुळया ठणाठण वाजायच्या. बाहेर रस्त्यावर उभ्या माणसाला आवाजावरून कळायचं की आपण जिंकतोय. सलग तीन हंगाम आपण घरच्या मैदानावर हरलो नाही. ताई, माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचे दिवस आले नाहीत. लग्नाचा दिवस धरूनही. (हे भाऊजींना वाचून दाखव, पण माझ्या घरी कळवू नकोस.)

उशीवाल्याने तक्रार केली. लीगने हुकूम काढला की छत उंच करा, नाहीतर सामने दुसरीकडे खेळा. छत उंच कसं करणार, वर शिलाई खातं! नाचता येईना तर लोक अंगण वाकडं म्हणतात. आपल्या मालकांना तर नाचता येत होतं, तरी त्यांनी अंगण खणलं. अख्खी जमीन पुरुषभर खाली नेली. प्रेक्षकांची बाकं मात्र होती तिथेच राहिली, त्यामुळे लोक विहिरीत डोकावल्यासारखे सामना बघतात, आणि एकदा एका आजोबांचा चष्मा थेट आमच्या कोर्टात पडून पंचांनी शिट्टी दिली. आम्ही लाकडी शिडीने उतरतो. मधल्या वेळात पाणी प्यायला जायचं तर पुन्हा शिडी. उंची लीगच्या मापात बसली, पण पाहुण्यांना आता उंच बॉल देता येऊ लागला. मालकांनी स्वतःच्या खर्चाने उशीवाल्याची सोय करून दिली. तू त्यांना खणायच्या आधीच सांगितलं होतंस, अगदी फावडं अडवून. ऐकतंय कोण!

नंतरचं मी पुस्तिकेत एका ओळीत उरकलंय. पण तुला लिहिताना उरकता येत नाही. खड्ड्यातला पहिलाच सामना आपण हरलो आणि मालक वरून, बाकावरून, सगळ्यांच्या देखत ओरडले, "सेटर बदला!" तू शिडी चढून वर गेलीस, कारखान्यातून गेलीस, गावातूनही गेलीस. मला वाटलं रागाने पाणी प्यायला गेलीस, येशील. मी बराच वेळ शिडीकडे बघत होते आणि समोरचीने त्यावर दोन पॉइंट काढले. त्यानंतर तू कधी आमचा सामना पाहिला नाहीस. मी विषय काढला की तू हवापाण्यावर जातेस. पण मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आत्ता लिहितानाही वाटतंय.

असो. कोच झाल्यावर मी काय केलं ते ऐक. पूर्वी तुळया जमिनीपासून जेवढ्या उंचीवर होत्या तेवढ्यावरच, आडव्या दोऱ्या बांधून, त्यावर गादीचं कापड ताणलं. सराव त्याच्या खाली. बॉल कापडाला लागला की खड्ड्याला एक फेरी. मुली रडल्या, एक सोडून गेली, एकीची आई भांडायला आली आणि शिडीवरून उतरता येईना म्हणून वरूनच भांडली. मी हटले नाही. सामन्याच्या दिवशी कापड काढायचं, खेळ मात्र तोच, तुझा. आणि त्यातून एक बारकी तयार झाली. (बारकी म्हणजे आमची सेटर. वजन सांगितलं तर तू तिला जेवायला घालायला निघशील.) तिच्या हातात तो आडवा बॉल अगदी तुझ्यासारखा नाही, पण तुझ्या भाचीसारखा तरी होता. या हंगामात आम्ही भल्याभल्यांना पाणी पाजलं. गेल्या आठवड्यातला सामना जिंकणं भाग होतं. जिंकलोही. आणि जिंकल्याच्या आनंदात शिडीने बारकीला टाळी दिली, तीत बारकीचं बोट मोडलं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. कारण बारकी तयार होईपर्यंत आम्ही इतके हरलो होतो की एवढं जिंकूनही रविवारचा सामना हरलो तर आम्ही लीगबाहेर, आणि सामना कुणाशी, तर उशीवाल्याशी. मालकांनी शांतपणे सांगितलंय की संघ बाहेर पडला तर बंद. खड्डा गाद्या ठेवायला अगदी मापाचा आहे म्हणे, त्यांनी टेप लावून पाहिलं. टेप लावताना एक टोक शिडीलाच धरायला लावलं. पोरगी टोक धरून रडत होती.

दुसरी सेटर आहे, गुणी आहे, पण घाबरली की बॉल उंच देते आणि तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत बसते. मग मी स्वतः शिकवायला उतरले. ताई, मी जन्मभर तू दिलेले बॉल मारले. ज्याने आयुष्यभर नुसतं जेवण केलं त्याला वाढता येत नाही, हे मला या आठवड्यात कळलं. माझा पहिला बॉल पंचांच्या खुर्चीला लागला, दुसरा मालकांना. (दुसऱ्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.) पण खड्डा बुजू देणार नाही. जे करावं लागेल ते करीन. काय करायचं ते ठरलंय, त्याचा तुला त्रास देत नाही.

तर इतिहास हा असा. चुका असतील तर सवडीने कळव, घाई नाही. तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. लीगच्या नियमात वयाची अट फक्त खालच्या बाजूने आहे. वर कितीही चालतं. नवीन खेळाडूचं नाव सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत देता येतं. सहज लिहिलं, माहिती म्हणून.

ता. क. दुसरा. सेटरला उडावं लागतं असा तुझा समज असेल तर तो काढून टाक. तू तेव्हा तरी कुठे उडत होतीस? उडायचो आम्ही. तू फक्त उभी राहून आमच्यावर ओरडायचीस, आणि त्याला गुडघे लागत नाहीत.

ता. क. तिसरा. इथलं अक्षर हललंय, कारण एवढं बसमध्ये लिहिते आहे. तुझ्या हातात हे पत्र ज्यांनी दिलं ते आमच्या बसचे ड्रायव्हर. त्यांना आत बोलाव, पाणी दे, पण ते जाणार नाहीत, त्यांना तसंच सांगितलंय. भाऊजींवर रागावू नकोस. त्यांना कालपासून सगळं माहीत आहे, तुझी पिशवी त्यांनीच भरली. बूट त्यांना सापडले नाहीत, ते तू कुठे लपवलेस ते तुलाच ठाऊक. (टाकून दिले असं सांगू नकोस. मी तुझी बहीण आहे.)

ता. क. चौथा. मालकही बसमध्ये आहेत. वाटेत दोनदा त्यांनी मला विचारलं, "ती बोलेल का गं माझ्याशी?" मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांना आता जिने चढवत नाहीत, म्हणून खाली तोंड पाडून बसलेत. जे त्यांनी वरून ओरडून सांगितलं होतं ते खालून ओरडून परत घ्यायची त्यांची तयारी आहे. तुझे शेजारी ऐकतील, तेव्हा काय ते तू ठरव.

ता. क. शेवटचा. तू नाही म्हणालीस तर आम्ही परत जाणार नाही. तुझ्या घराखालीच दोन खांबांना नेट बांधलंय, रविवारपर्यंत सराव इथेच होईल. दुसरी सेटर नेटपाशी उभी आहे आणि तोंड उघडं ठेवून तुझ्या गॅलरीकडे बघते आहे. पत्र वाचून झालं असेल तर गॅलरीत ये. शिडी बॉल वर टाकते आहे. ठेवून घ्यायचा असेल तर ठेव, मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. पण परत टाकणार असलीस तर वरून टाकू नकोस. खाली ये आणि तिच्या शेजारी उभी राहून दे. मारायला मी उभी आहे.