मोटारीची आरती

मंगळ., ९ जाने. १९४५. अमरावती
नानाभावजी सकाळीच आले. ह्यांच्या मोटारीचं इंजिन काढून अचलपूरच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीवर बसवायचं म्हणतात. शुक्रवारी अकोल्याहून मिस्त्री येणार. माझे डोळे भरले.
‘‘मोटारीसाठी काहून रडून राहिल्या, वयनी? दादासाठी तं एवढ्या नाई रडल्या!’’
जाऊबाई पदराआड हसल्या.
नव्हते का रडले?

गुरु., ११
पेट्रोल मिळेना म्हणून ह्यांनी मोटारीच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवली होती. आधी ती उतरवायची, मग इंजिन. गणपत ड्रायव्हरनं, वीस वर्षं आमच्याकडे, सकाळी शेवटची फेरी मारली. मला मागे बसवून कॅम्पातून, माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेवरून. दुपारी मोटार अंगणात लावून टाकीचं झाकण उघडलं.
‘‘आत गॅस हाये, बाईसाहेब. उद्यालोक हवा खाऊ द्या. दिवा, काडी काईच जवळ आनू नका.’’

शुक्र., १२
दर दसऱ्याला हे मोटारीला कापराची आरती करायचे. हे गेल्यापासून कुणी केली नाही. काल दिवेलागणीला मीच तबक घेतलं. पुढच्या दिव्यांना ओवाळायचं, एवढंच. मग ह्यांच्यासारखी प्रदक्षिणा घालावीशी वाटली. मागे पोचले तशी गणपतची हाक आली. धावत मध्ये आला, तबक हिसकावलं. भडका त्याच्या तोंडावर. माझ्या पदराला डागसुद्धा नाही.

शनि., १३
इस्पितळ. उजवा डोळा गेला. डाव्याचं डॉक्टर सांगत नाहीत.
भावजी सगळ्यांसमोर ओरडले, ‘‘टाकीपाशी बिडी फुकत होता ना तू?’’
पट्ट्यांखालून गणपत म्हणाला, ‘‘हो मालक. बिडीच होती.’’
मी संत्री घेऊन उभी. शाळेत खोटं बोललं की सिस्टर तोंडात साबण घालायच्या. गप्प राहिल्याची शिक्षा आठवत नाही.

मंगळ., १६
इंजिन निघालं. साखळीला लोंबकळत होतं, काळं तेल ठिबकत. मिस्त्री म्हणाला, झकास आहे, अजून दहा वर्षं चालेल.
भावजींनी गणपतची मागची खोली रविवारपर्यंत रिकामी करायला सांगितली. ‘‘आंधळ्याले ड्रायव्हर म्हून ठेवू काय?’’
दुपारी त्याची बायको आली. दारातच उभी राहिली. पाणीही घेतलं नाही.
‘‘ते इचारून राहिले, बाईसाहेब. आरती पुरी झाली काय?’’
भावजी आत जेवायला बसलेत. वाढायला मला हाक मारताहेत. ती अजून दारात आहे. उठते. आज त्यांना सांगते, बिडी नव्हती, माझं आरतीचं तबक होतं.