भिंगरीची हजेरी

प्रिय काकू,

परवा कॉलेजच्या ऑफिसात तुम्ही माझा हात घट्ट धरून बसला होतात, तेव्हा हे सांगायचं राहिलं, म्हणून लिहितेय.

आम्ही शिक्षिका व्हायला आलो, पण वर्गात कमी आणि लॅपटॉपसमोरच जास्त बसलो. तास ऑनलाइन, पाठाचं टाचण ऑनलाइन, सराव पाठसुद्धा कॅमेऱ्यासमोर. दर तासाला स्क्रीनवर हजेरीचं बटण यायचं. दाबलं की नाव हिरवं. तुमची भिंगरी पोरांसमोर कशी खुलायची! शेजारच्या शाळेत तिनं काड्या पसरून भागाकार शिकवला, तर पोरं मधल्या सुट्टीतही उठेनात. कॅमेऱ्यासमोर मात्र वाचाच बसायची. तीनदा पाठ 'अपुरा' म्हणून परत आला. तपासणी यंत्रच करायचं; का, ते विचारायला पलीकडे माणूसच नव्हता. ती जेवेनाशी झाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी चेष्टेवारी न्यायचे, "अगं, यंत्राला काय भ्यायचं?" ती म्हणाली, "यंत्राला नाही गं. आईला काय सांगू?"

मग एकदा म्हणाली, "दोन दिवस घरी जाऊन येते. तेवढी माझी हजेरी लाव." मी लावली. दोनाचे चार दिवस झाले. फोन बंद लागायचा. वाटलं, आईजवळ आहे, राहू दे. तिचं टाचणही मीच भरलं. ते पहिल्या फटक्यात पास झालं आणि तुमच्या फोनवर 'प्रगती समाधानकारक' असा मेसेज गेला. तुम्हाला वाटलं पोरगी अभ्यासात बुडालीय. मला वाटलं ती तुमच्यापाशी आहे.

गुरुवारी तुमचा फोन आला, "भिंगरीला दे गं जरा." म्हणजे ती घरी पोचलीच नव्हती. तरी म्हणाले, "आत्ताच बाहेर गेली." घाबरले, काकू. दुसऱ्याची हजेरी लावली तर दोघींनाही काढून टाकतात.

ती सापडेना, तेव्हा तुम्ही तक्रार दिलीत, आणि माझ्या त्या एका वाक्यावर पोलीस गुरुवारपासूनचा शोध घेत होते. आज सकाळी मी इन्स्पेक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी तक्रारीतली तारीख खोडून नवी लिहिली. ते तुमच्या दारात यायच्या आत तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ती आदल्या शुक्रवारी सकाळी गेली. मी खिडकीतून पाहत होते. बसस्थानक उजवीकडे आहे. ती डावीकडे वळली, नदीच्या रस्त्याला. हाक मारायचं मनात आलं होतं. पण तास सुरू होत होता, आणि मला दोघींची हजेरी लावायची होती.

तुमचीच,
तिच्या खोलीतली