दोर माझ्या हातात होता

वाशीम, शुक्रवार

प्रिय भागिरथा,

रिठदला तुमच्या ओट्यावर बसून आपण दोघी कंदिलाची काच राखेनं पुसायचो, आठवतं? तुझा हात बारीक, म्हणून काचेत तूच घालायचीस. मी चिमटीनं राख द्यायचे. मी अकोल्याच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीला आले की तुझे बाबा, पंजाबराव काका, चिडवायचे, "आली मडमीण. आता राखेशीबी इंग्रजीत बोलते का व?"

करणनं यंदा आम्हाला इटलीला नेलं, ते तुला सांगितलंच. एक गोष्ट मात्र राहिली. तिथं एका गावाखाली रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेले पाण्याचे बोगदे आहेत. शंभरेक पायऱ्या उतरलो. छत डोक्याला लागेल इतकं खाली, भिंती ओलसर, कुठंतरी पाणी ठिबकत होतं. रीता, माझी सात वर्षांची नात, धावत पुढच्या वळणाआड गेली. इथली हवा आधी कंदील सोडून कोणी तपासली का, एवढंच मनात येत राहिलं. सकाळी चर्चमध्ये लावायला घेतलेली मेणबत्ती पर्समध्ये होती. ती पेटवून, वाकून मी जमिनीजवळ धरली. गाइडबाई ओरडली. करण लाजून म्हणाला, "आई, पंख्यानं हवा सोडतात इथं." ज्योत सरळ जळत होती. तरी मी रीताला ओढत वर आणलं. तिच्या मनगटावर माझी बोटं उठली होती.

त्या मे महिन्यात काका विहिरीतला गाळ काढायला उतरणार होते. तू भाकरी आणायला घरी गेली होतीस. "शिकलेली हाय, इच्याच हाती द्या," म्हणून हवा तपासायचा कंदील त्यांनी मला दोरानं खाली सोडायला दिला. अर्ध्यावर तो विझला. मला वाटलं, माझाच हात हलला. वर ओढला असता तर काका हसले असते, कॉन्व्हेंटात कंदील धरायलाही शिकवत नाहीत का म्हणून. कमरेला दोर बांधता बांधता त्यांनी विचारलं, "जळून राह्यला का व, नीलू?" मी हो म्हणाले. ते खाली गेले आणि त्यांचा आवाज पुन्हा आला नाही. गाव म्हणालं, छातीत कळ आली. अठ्ठेचाळीस वर्षं मीही तेच म्हणत आले.

काल फोनवर तू सहज म्हणालीस, तुझा मुलगा संघदीप रविवारी त्याच विहिरीत उतरून राह्यला. मी नको म्हटलं तर म्हणालीस, "मोटर बसवाची हाय, तू कायले भेतं?" त्यानंतर पाच वेळा तुझा नंबर लावला आणि कापला. म्हणून माझ्या पुतण्याला, राजपालला, आजच पाठवते आहे. त्याच्याजवळ तो कंदील आहे; त्या दिवशी कोणी विचारला नाही, माझ्याकडेच राहिला. काच पुसली आहे. कंदील संघदीपला दे. काड्यापेटी राजपालजवळ राहू दे. कंदिलाचा दोर मात्र तूच धर, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस, आणि विझला तर कोणालाही उतरू देऊ नकोस. हे पत्र तुझ्या आईसाठी, रुखमाबाई काकूंसाठीही आहे. त्यांना दिसत नसेल तर वाचून दाखव, माझं नाव गाळू नकोस.

तू म्हणू देशील तर अजून तुझीच,
नीलिमा