सुटे भाग माळ्यावर आहेत

छोट्या,

टेबलावरचा कॉम्प्युटर मी आज दुकानातून तयारच आणलाय. जोडायला आणलेले सुटे भाग खोक्यात भरून माळ्यावर ठेवलेत. बाबांसमोर काढू नकोस. काल प्रोसेसर बसवताना त्यांचा हात थरथरला आणि मदरबोर्डच्या पिना वाकल्या. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत त्यांनी. मला म्हणाले, "दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला." मी मान डोलावली.

डॉक्टरांची वेळ सोमवारी अकराची आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही, ते तू सांग.

तयार का आणला म्हणून विचारलं, तर ताईला पेपरला बातम्या पाठवायची घाई होती म्हण. ते म्हणतील, "तिला सगळं आयतं लागतं." म्हणू देत. माझी बाजू घेऊ नकोस.

ताई